‘लामस्तुम’चा तास कसा घ्यावा

मी यावल तालुक्यातला तडवी. घरी मराठी, वर्गात उर्दू, फळ्यावर अरबी. मदरशात वरच्या वर्गाला तफसीर, म्हणजे कुराणाचं विवरण, शिकवतो. मतभेदाची आयत (कुराणातलं वचन) आली की नव्या उस्तादाचे हातपाय गळतात. माझेही गळाले होते.

आयत रोजच्या जगण्यातली घ्या. तकदीरबिकदीर पहिल्या महिन्यात नको, वर्ग लगेच दोन गटांत बसतो. मी सूरह निसा या अध्यायातली ४३वी घेतो: स्त्रियांना स्पर्श झाला आणि पाणी मिळालं नाही, तर तयम्मुम करा, म्हणजे पाण्याऐवजी मातीनं शुद्धी. स्पर्श म्हणजे नुसता हात लागणं की शरीरसंबंध? शाफिई आणि हनफी हे सुन्नींचे दोन धर्मकायद्याचे पंथ. शाफिई पहिलं धरतात, म्हणून नुसता हात लागला तरी त्यांचा वुजू (नमाजआधीचं हातपाय-तोंड धुणं) तुटतो; हनफी दुसरं. खान्देशात बहुतेक सगळे हनफी, त्यामुळे हा प्रश्न कुणाला पडतच नाही. पण वर्गात एखादा कोकणी पोरगा असतो, आणि कोकणातले शाफिई. असाच एक चोपड्याच्या एसटीतून उतरला तो थेट वुजूखान्यात. वाहक बाईंनी सुटे पैसे देताना हात लागला होता. पोरं हसली. मीही “आपल्यात तसं नसतं” म्हणून पुढं सरकलो. तो महिनाभर वर्गात बोलला नाही.

आता मी फळ्यावर आयतीतला स्पर्शाचा एकच शब्द लिहितो, ‘लामस्तुम’. ‘लाम’ या अक्षरावरचा खडा जबर (लांब ‘आ’ची खूण) पुसून साधा जबर (आखूड ‘अ’ची) द्यायचा, ‘लामस्तुम’चं ‘लमस्तुम’ होतं. कुफेच्या हमजा आणि किसाई या कारींनी (कुराणपठणाच्या जाणकारांनी) तसंच वाचलंय, शाफिईंना त्याचा आधार. खडा जबर परत दिला की क्रिया दोघांकडून घडणारी होते, तिथं हनफी बोट ठेवतात. मागच्या बाकावरचे इथं जागे होतात.

मग उलटी वकिली. हनफी बाजू कोकणी पोरानं मांडायची. तो बुखारी या हदीससंग्रहातली पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांची रिवायत (त्यांनी सांगितलेला प्रसंग) काढतो: पैगंबर सजद्यात (जमिनीला कपाळ टेकायला) जाताना आयेशांच्या पायाला हात लावत, त्या पाय आवरून घेत, नमाज चालूच राही. शाफिईंकडून उत्तर द्यायचं हनफी पोरानं: मध्ये कापड असेल. ‘आमचे’, ‘तुमचे’ हे शब्द तासभर बंद.

“उस्ताद, मग खरं काय?” हे कुणीतरी विचारणारच. टाळू नका. मी हनफी आहे, हात लागला म्हणून मी परत वुजू करत नाही, असं सरळ सांगा. आणि इमाम शाफिई हे हनफी पंथाच्या अबू हनीफांचे शिष्य इमाम मुहम्मद यांच्याकडे शिकले, हेही त्याच दमात.

तास जुहरच्या (दुपारच्या नमाजच्या) आधीचा मागून घ्या. उरलेला वाद वुजूखान्यात होतो. नळ तेवढे बंद करायला लावा. बोलण्याच्या नादात पाणी वाहत राहतं.