कुबरनेटिसमधील फीचर गेट: या चुका टाळा

कुबरनेटिस म्हणजे अनेक यंत्रांच्या समूहावर (क्लस्टरवर) कंटेनर चालवणारी प्रणाली. तिच्यातील प्रायोगिक सुविधा ‘फीचर गेट’ नावाच्या स्विचने चालू-बंद होतात. अल्फा म्हणजे अगदी सुरुवातीच्या अवस्थेतील गेट मुळात बंद असते, बीटा म्हणजे त्यापुढच्या अवस्थेतील बहुधा चालू असते, आणि सुविधा स्थिर झाली की गेट चालू स्थितीत कुलूपबंद होते व पुढे काही आवृत्त्यांनंतर काढून टाकले जाते. एवढे प्रत्येकजण वाचतो. मात्र हे संपूर्ण क्लस्टरचे एकच बटण नाही, हे फार थोडे लोक लक्षात घेतात. सर्व विनंत्या स्वीकारणारा एपीआय सर्व्हर, कंट्रोलर मॅनेजर, शेड्युलर, क्यूब-प्रॉक्सी आणि प्रत्येक नोडवर (क्लस्टरमधील यंत्रावर) कंटेनर चालवणारा क्यूबलेट या प्रत्येक घटकाला आपापले गेट स्वतंत्रपणे सांगावे लागते. मला पाहायला मिळणाऱ्या निम्म्या तक्रारी इथेच उगवतात.

त्यांपैकी एका तक्रारीचा धनी मी स्वतः होतो. आवृत्ती १.२८ मध्ये साइडकार कंटेनरची (मुख्य कंटेनरसोबत चालणाऱ्या मदतनिसाची) सुविधा अल्फा म्हणून आली होती. इनिट कंटेनरला (एरवी मुख्य कंटेनरच्या आधी चालून संपणाऱ्या) ‘नेहमी पुन्हा सुरू करा’ असे रीस्टार्ट धोरण दिले की तो मुख्य कंटेनरच्या आधी सुरू होतो आणि शेवटपर्यंत सोबत चालत राहतो. लॉग वाहून नेणाऱ्या कंटेनरसाठी आम्हाला नेमके हेच हवे होते. चाचणीच्या क्लस्टरवर सर्व सुरळीत चालले. प्रॉडक्शनवर मात्र मी घाईघाईत क्यूबलेटच्या कॉन्फिग फाइलमध्ये गेट चालू केले, सर्व नोडवर क्यूबलेट पुन्हा सुरू केला आणि एपीआय सर्व्हरला हात लावायचे विसरलो. डिप्लॉयमेंट (काय चालवायचे याचे वर्णन) लागू केली, कोणतीही चूक दाखवली गेली नाही, आणि सर्व नवे पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचे गट) ‘इनिट ०/१’ या स्थितीत अडकून बसले.

त्या रात्री आम्ही नेटवर्क तपासले, इमेज तपासली, व्हॉल्यूमच्या परवानग्या तपासल्या. कारण अगदी साधे होते. गेट बंद असलेला एपीआय सर्व्हर त्या गेटशी निगडित फील्ड नव्या ऑब्जेक्टमधून गुपचूप गाळून टाकतो. फील्ड त्याच्या ओळखीचे असल्यामुळे तो त्याबद्दल इशाराही देत नाही. धोरण गळाल्यामुळे आमचा लॉगवाहक साधा इनिट कंटेनर ठरला, आणि साधा इनिट कंटेनर संपल्याशिवाय मुख्य कंटेनर सुरू होत नाही. लॉगवाहक तर कधीच संपणार नव्हता. पहाटे एका सहकाऱ्याने क्लस्टरमधून पॉडचे यॅमल (वर्णनाचा मजकूर) परत काढून आमच्या फाइलशेजारी ठेवले, तेव्हा ती एक ओळ गायब असल्याचे दिसले. गेट चालू केल्यावरही पॉड सुधारले नाहीत, कारण साठवलेल्या डिप्लॉयमेंटमधूनच ओळ गेलेली होती. ती पुन्हा लागू करावी लागली.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. आधी कंट्रोल प्लेन (एपीआय सर्व्हरसारखे नियंत्रण करणारे घटक), मग नोड, आणि शेवटी नवे फील्ड वापरणारे यॅमल. लागू केलेले यॅमल मी लगेच परत काढून पाहतो. त्याशिवाय आवृत्ती १.२६ पासून प्रत्येक घटक आपल्या मेट्रिक्समध्ये (स्वतःबद्दल प्रसिद्ध केलेल्या आकड्यांत) प्रत्येक गेटसमोर १ किंवा ० दाखवतो. मी त्यावरच विश्वास ठेवतो, फाइलमध्ये काय लिहिले आहे त्यावर नाही. कंट्रोल प्लेनचे नोड तीन असतील तर तिन्हींवर पाहावे. एकावर गेट राहून गेले तर विनंती कोणत्या सर्व्हरकडे गेली त्यानुसार तीच फाइल कधी चालते, कधी चालत नाही, आणि असा दोष शोधण्याइतके वैतागवाणे काम दुसरे नाही.

दुसरी चूक चालू केलेले गेट विसरून जाण्याची. संपलेले जॉब (एकदाच पूर्ण व्हायची कामे) ठरावीक वेळेनंतर आपोआप पुसणारी ‘टीटीएल आफ्टर फिनिश्ड’ ही सुविधा १.२३ मध्ये स्थिर झाली आणि १.२५ मध्ये तिचे गेट काढले गेले. ज्यांनी ते अल्फाच्या काळात हाताने चालू करून तसेच ठेवले होते, त्यांचा कंट्रोलर मॅनेजर अपग्रेडनंतर ‘अनोळखी फीचर गेट’ म्हणून सुरूच होत नाही. सुविधा चालूच असते, फक्त तिचे जुने नाव घेणे आता गुन्हा ठरते. स्थिर झालेले गेट दिले तर ते पुढे काढले जाईल असा इशारा लॉगमध्ये आधी येत असतो, पण सगळे हिरवे दिसत असताना लॉग उघडतो कोण? मी प्रत्येक गेटसमोर ते कोणी, कशासाठी लावले आणि कोणत्या आवृत्तीत काढायचे हे साध्या मजकूर फाइलमध्ये लिहितो आणि अपग्रेडपूर्वी ती वाचतो. यासाठी कोणतेही साधन लागत नाही, थोडा संयम लागतो. तोच नवशिक्यांकडे कमी असतो.

‘ऑल अल्फा’ हे गेट चालू करून सर्व अल्फा सुविधा एकदम उघडणे हा शॉर्टकट नाही, तो उतावळेपणा आहे. ज्या एका सुविधेसाठी हे केले, ती सोडून दुसरीच कोणती तरी क्लस्टर पाडते.

गेट चालू करूनही नवा एपीआय दिसत नसेल तर एपीआय सर्व्हरचे ‘रनटाइम कॉन्फिग’ हे सेटिंग तपासावे. १.२४ पासून नवे बीटा एपीआयही मुळात बंद असतात आणि ते एपीआय सर्व्हरवर वेगळे चालू करावे लागतात.

सुविधा बंद करताना क्रम उलटा ठेवावा. आधी तिचा वापर काढावा, तिच्या अल्फा एपीआयचे ऑब्जेक्ट पुसावेत, मगच गेट बंद करावे. एपीआय आधी बंद केला तर ते ऑब्जेक्ट एटसीडीमध्ये (क्लस्टरच्या डेटाबेसमध्ये) पडून राहतात आणि नेहमीच्या मार्गाने दिसतही नाहीत, पुसताही येत नाहीत.

क्लस्टर उभारण्यासाठी क्यूबॲडमिन हे साधन वापरत असाल तर केवळ मॅनिफेस्टमध्ये (एपीआय सर्व्हरसारखा घटक कसा चालवायचा हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) हाताने केलेला बदल पुढच्या अपग्रेडला पुसला जातो. तो क्यूबॲडमिनच्या कॉन्फिगमॅपमध्येही (क्लस्टरमध्ये साठवलेल्या सेटिंगमध्येही) नोंदवावा.

आणि मॅनिफेस्ट बदलण्यापूर्वी त्याची ‘बॅक’ (.bak) शेपटीची प्रत त्याच फोल्डरमध्ये कृपया ठेवू नये. क्यूबलेट फाइलच्या नावाची शेपटी पाहत नाही; टिंबाने सुरू होणाऱ्या फाइल सोडल्या तर त्या फोल्डरमधील सर्व फाइल तो वाचतो. मग एकाच नावाचे दोन एपीआय सर्व्हर त्याच्यापुढे येतात, आणि तुम्ही नव्या फाइलमध्ये गेट पुन्हा पुन्हा तपासत असता, तर चालू मात्र जुनी असू शकते. माझी प्रत रूटच्या होम फोल्डरमध्ये, नावात तारीख घालून ठेवलेली असते.