विद्यापीठाचा मेल हाती आला, आता पुढे?

खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडहूनही दरवर्षी मराठी शाळांतून शिकलेली मुलं बेळगावात पुढच्या शिक्षणाला येतात. प्रवेश, फी, हॉस्टेल, बसचा पास या धावपळीतच त्यांना विद्यापीठाचा नाहीतर कॉलेजचा ईमेल पत्ता आणि तात्पुरता पासवर्ड मिळतो. बहुतेक जण तो कुठंतरी लिहून ठेवतात आणि पहिली इंटर्नल परीक्षा येईपर्यंत उघडत नाहीत. बारावीपर्यंत सगळं व्हॉट्सॲपवर भागलेलं असतं, त्यामुळं त्यांना दोष देता येत नाही. मी स्वतः खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतला. आता कॉलेजच्या कम्प्युटर लॅबमध्ये नव्या मुलांची ही खाती सुरू करून देतो. दरवर्षी तेच प्रश्न येतात. प्रश्न रास्तच असतात, फक्त त्यांची उत्तरं शांतपणे कुणी देत नाही.

"दादा, माझं जीमेल आहे की, मग हे दुसरं कशाला?" सुरुवात इथूनच होते. जीमेल हे आपलं राहतं घर धरलं, तर विद्यापीठाचं खातं ही हॉस्टेलची खोली. सगळ्या सोयी वापरायच्या, पण दुसरी किल्ली वॉर्डनकडं असते आणि कोर्स संपला की खोली सोडायची असते. दिसायला हे खातं जीमेल किंवा आउटलुकसारखंच असतं, कारण बऱ्याच संस्थांची सेवा गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्याच यंत्रणेवर चालते. ताबा मात्र संस्थेकडं असतो. संस्थेचा ॲडमिन, म्हणजे ही खाती सांभाळणारा माणूस, पासवर्ड बदलू शकतो, खातं बंद करू शकतो, गरज पडली तर आतली माहितीही पाहू शकतो. म्हणून घरचं, बँकेचं, आधारचं काही त्यात ठेवू नका. उलट असाइनमेंट, प्रोजेक्ट, गाईडशी पत्रव्यवहार, इंटर्नशिपची चौकशी हे सगळं त्याच पत्त्यावरून करा. पत्त्यात संस्थेचं नाव असतं, त्यामुळं तुम्ही खरोखर विद्यार्थी आहात हे समोरच्याला वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

याला एक मोठा अपवाद आहे. कर्नाटकाचं स्टेट स्कॉलरशिप पोर्टल, केंद्राचं नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल, चंदगडकडच्या मुलांचं महाडीबीटी (महाराष्ट्र सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल), डिजिलॉकर, अशा सगळ्या ठिकाणी स्वतःचाच मेल आणि स्वतःचाच मोबाइल नंबर द्या. कॉलेज बदललं तरी ही खाती पुढं चालायची असतात. आपल्या भागात तर बेळगावात डिग्री करून एमए-एमएस्सीला कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जाणारे पुष्कळ. त्यांना हे फार जपावं लागतं.

पहिल्यांदा आत शिरलात की तात्पुरता पासवर्ड लगेच बदला. जीमेलचाच पासवर्ड इथं पुन्हा वापरू नका. विद्यापीठाच्या खात्याचा पासवर्ड विसरलात तर 'फरगॉट पासवर्ड' दाबून नेहमी काम होतंच असं नाही. पुष्कळ ठिकाणी ॲडमिनला भेटा असाच निरोप येतो, आणि मग ओळखपत्र घेऊन आयटी विभागात जावं लागतं. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू केलीत, आणि ती करावीच, तर फोन हाताशी नसताना आत शिरायला लागणारे बॅकअप कोडही काढून घ्या. गूगल असे 10 कोड देतं, प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते फोनमध्ये नको, कागदावर लिहून मार्क्स कार्डाच्या फाइलमध्ये ठेवा. बेळगावात येऊन नवं सिम घेणारे बरेच असतात. जुनं सिम बंद करण्याआधी खात्यातला नंबर बदला, नाहीतर ओटीपी बंद नंबरवर जात राहतो.

पत्ता नीट वाचून घ्या. व्हीटीयूच्या, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या, कॉलेजांत पुष्कळदा यूएसएनवरूनच, म्हणजे विद्यापीठानं दिलेल्या विद्यार्थी क्रमांकावरूनच, पत्ता बनवतात. यूएसएन दहा अक्षर-अंकांचा असतो: पहिला अंक विभागाचा, बेळगावसाठी 2, मग कॉलेजची दोन अक्षरं, प्रवेशाच्या वर्षाचे दोन अंक, शाखेची दोन अक्षरं आणि शेवटी तीन आकडी क्रमांक. त्यात शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत फार होते. पत्ता नावावरून असेल तर मध्ये टिंब आहे का ते बघा. साध्या जीमेलमध्ये टिंब दिलं काय, न दिलं काय, मेल पोचतो. संस्थेच्या खात्यात तसं नाही, टिंब चुकलं की पत्ता चुकला. नावाची स्पेलिंग आधारवर एक, मार्क्स कार्डावर दुसरी आणि मेलवर तिसरी अशी असेल तर पहिल्या महिन्यातच अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या. आपल्याकडं आडनाव आधी की नंतर, वडिलांचं पूर्ण नाव की फक्त एक अक्षर, यात शाळेपासूनच घोळ असतो. पुढं तो वाढतच जातो.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार: "फॉर्म उघडतच नाही." बहुतेक वेळा फॉर्म ठीक असतो, तुम्ही चुकीच्या खात्यातून आलेले असता. सर असाइनमेंटचा गूगल फॉर्म फक्त संस्थेतल्या खात्यांसाठी उघडा ठेवतात आणि मुलांच्या फोनमध्ये आधीपासून स्वतःचं जीमेल चालू असतं. मग परवानगी नाही असं दिसतं. वर कोपऱ्यातल्या गोलावर दाबून विद्यापीठाचं खातं निवडा, काम होतं. ऑनलाइन तासाला बाहेर ताटकळावं लागण्याचं कारणही बऱ्याचदा हेच. कम्प्युटरवर सोपा उपाय म्हणजे क्रोममध्ये दोन वेगळी प्रोफाइल करायची, एक घरचं आणि एक विद्यापीठाचं. याच्या उलटही होतं. विद्यापीठाच्या ड्राइव्हवर प्रोजेक्ट ठेवून बाहेरच्या कंपनीला लिंक पाठवली आणि तिथल्या माणसाला ती उघडेना. लिंक पाठवण्याआधी ती कोणाला दिसेल हे तपासा. संस्थेनं बाहेर शेअर करायला बंदी घातली असेल तर फाइल जोडूनच पाठवा. जीमेलमध्ये 25 एमबीपर्यंतच फाइल जोडता येते, म्हणून स्कॅन केलेली पीडीएफ आधी लहान करून घ्या.

भाषेचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्या मुलांची खरी अडचण तिथं होते. परिपत्रकं, फीच्या सूचना, परीक्षेची वेळापत्रकं बऱ्याचदा कन्नडमध्ये येतात. मराठी शाळेत कन्नड शिकलेलं असलं तरी कार्यालयीन कन्नड वेगळं पडतं, आणि चंदगडच्या मुलांना तर अक्षरओळखही नसते. मेलचा मजकूर थेट टाइप केलेला असेल तर जीमेलमधलं भाषांतराचं बटण वापरा. स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर गूगल लेन्सनं कन्नड वाचता येतं. पण तारीख, रक्कम आणि 'शेवटचा दिवस' या तीन गोष्टी मशीनवर सोडू नका. वर्गातल्या कन्नड मित्राला विचारा, तो आनंदानं सांगतो. बेळगावातली मैत्री अशीच जुळते, आणि उद्या त्यालाही तुमची काही मदत लागते. कार्यालयाला उत्तर मात्र इंग्रजीत किंवा येत असेल तर कन्नडमध्ये द्या, काम लवकर होतं. मराठी विभागातल्या सरांना, मॅडमना मराठीत लिहायला काहीच हरकत नाही, लिहावंच. फक्त युनिकोडमध्ये टाइप करा. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर मेलमध्ये चिकटवला की समोर नुसती विचित्र चिन्हं उमटतात.

"सरांना मेल कसा लिहायचा?" हे विचारायला मुलं लाजतात. लाजू नका, शाळेत हे कुणी शिकवलेलं नसतं. विषयाच्या रकान्यात काम आणि सेमिस्टर लिहा: 'तिसरं सेमिस्टर, इंटर्नलचे गुण, दुरुस्तीसाठी विनंती'. आत 'आदरणीय सर', मग आपलं नाव, यूएसएन किंवा नोंदणी क्रमांक, मग दोन-तीन वाक्यांत काम. नुसतं 'हाय सर' लिहून उत्तराची वाट बघू नका. फाइल जोडली आहे का, हे पाठवण्याआधी बघा. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागं घ्यायला जास्तीत जास्त 30 सेकंद मिळतात. मूळ सेटिंग 5 सेकंदांचं असतं, ते वाढवून ठेवा. सगळ्या वर्गाला आलेल्या सूचनेवर 'थँक यू मॅडम' सगळ्यांना पाठवू नका.

पावसात जांबोटी, कणकुंबीकडं नेटवर्क जातं हे आम्हाला ठाऊक आहे, दूरच्या शिक्षकांना नसतं. फोनवर नेट नसताना पाठवलेला मेल आउटबॉक्समध्ये अडकून राहतो आणि रेंज आल्यावरच जातो. म्हणून मुदतीच्या दिवशी 'सेंट'मध्ये आला का ते बघितल्याशिवाय झोपू नका. सुट्टीत गावी जाण्याआधी लागणाऱ्या फाइली फोनमध्ये उतरवून घ्या.

झेरॉक्सच्या दुकानात आपलं खातं उघडून प्रिंट काढण्याची सवय सोडा. फोनवरूनच दुकानाच्या नंबरवर पीडीएफ पाठवा. उघडलंच असेल आणि बंद करायचं राहून गेलं असेल, तर कम्प्युटरवर जीमेलच्या इनबॉक्समध्ये तळाशी 'डिटेल्स' आहे, तिथून बाकी सगळीकडून बाहेर पडता येतं.

फसवणुकीचे मेलही याच पत्त्यावर येतात: 'मेलबॉक्स भरला, इथं पासवर्ड टाका', 'स्कॉलरशिप मंजूर, प्रोसेसिंग फी भरा'. आयटी विभागाला तुमचा पासवर्ड कधीच लागत नाही. मेल संस्थेच्याच पत्त्यावरून आला म्हणूनही विश्वास ठेवू नका, कारण एखाद्या मुलाचं खातं चोरून त्यावरूनच पुढचे मेल पाठवले जातात. पैसे गेले तर लाजत बसण्यात वेळ घालवू नका, ताबडतोब 1930 वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

या पत्त्याचे फायदे मात्र पुरेपूर घ्या. संस्था पात्र असेल तर वर्ड-एक्सेलची ऑनलाइन आवृत्ती फुकट मिळते. गिटहब या प्रोग्रॅमचा कोड ठेवण्याच्या साइटचा स्टुडंट पॅक आणि प्रोग्रॅमिंगची काही महागडी साधनं विद्यार्थ्यांना मोफत असतात, आणि तिथं ओळख पटवायला हाच पत्ता चालतो. ग्रंथालयाच्या सदस्यत्वातली जर्नल्स घरून वाचायला मिळतात का, हे ग्रंथपालांना विचारा. अनेक ठिकाणी मिळतात आणि मुलांना माहीतच नसतं, याचं मला वाईट वाटतं.

एमएस्सी, एमटेक, पीएचडी करणाऱ्यांनी आणखी एक सांभाळावं. संशोधन लेख पाठवला की परीक्षकांचं मत यायला कित्येक महिने जातात. तोवर कोर्स संपतो, खातं बंद होतं आणि दुरुस्त्या मागणारा मेल कुणालाच दिसत नाही. म्हणून ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक, काढा आणि त्यात विद्यापीठाचा आणि स्वतःचा, दोन्ही पत्ते घाला. जर्नलच्या खात्यातही दुसरा पत्ता देता येत असेल तर द्या.

खातं कधी बंद होणार याचा नियम प्रत्येक संस्थेचा वेगळा. तो शेवटच्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच लेखी विचारून घ्या. मग ड्राइव्हमधल्या फाइली 'गूगल टेकआउट'नं उतरवून घ्या. संस्थेनं परवानगी दिली असेल तर सगळा मजकूर थेट आपल्या जीमेलमध्येही हलवता येतो. 'साइन इन विथ गूगल' करून हे खातं कुठंकुठं जोडलंय, त्याची यादी खात्याच्या सुरक्षेच्या पानावर सापडते. लिंक्डइन, इंटर्नशिपच्या साइट, ऑनलाइन कोर्स, सगळीकडं पत्ता बदला. कोर्सची प्रमाणपत्रं उतरवून घ्या. गाईडना आणि ज्यांच्याकडून शिफारसपत्र लागणार आहे त्या सरांना नव्या पत्त्यावरून एक मेल करून ठेवा, आणि ट्रान्सक्रिप्टसाठी अर्ज कुठं, कोणत्या पत्त्यावर करायचा तेही परीक्षा विभागातून विचारून घ्या. कोल्हापूर, पुणे किंवा बंगळूरला गेल्यावर त्यासाठी परत बेळगावला यायला सुट्टी मिळत नाही.