फुटलेला डॅगरबोर्ड आधी वाळवा, मग भरा

लहान शिडाच्या होड्यांची दुरुस्ती मी बरीच वर्षं करते आहे. माझ्याकडे सगळ्यात जास्त येतो तो डॅगरबोर्ड, म्हणजे होडीच्या बुडातल्या खाचेतून खाली पाण्यात सरकवायची उभी फळी. उथळ पाण्यात खडकावर आपटलेला, टोक चेपलेलं, मागची कड दातऱ्या पडलेली. आणणाऱ्याला वाटतं, लांबी (पुट्टी) भरली की झालं. पण ही फळी होडीला आडवी वाहू देत नाही, वाऱ्याकडे चढताना सगळा भार हिच्यावर येतो. तिच्यात पाणी मुरलेलं असताना वरून भरलेलं काहीही टिकत नाही.

म्हणून सुरुवात तपासणीपासून. बोर्ड गोड्या पाण्याने धुवा, मीठ राहिलं तर ते ओल धरून ठेवतं. मग नाण्याने टकटक करत सगळीकडे फिरा. शाबूत जागी आवाज टणक आणि आखूड येतो, पापुद्रा सुटला असेल तिथे तो भद्द होतो. पेन्सिलने त्या जागेभोवती रेघ मारा. डोळ्यांना दिसणाऱ्या भेगेपेक्षा ही रेघ बहुतेक वेळा मोठी निघते, आणि दुरुस्ती त्या रेघेपर्यंत करायची असते.

दुसरी तपासणी फार महत्त्वाची. बोर्ड जिथे होडीच्या बुडातून बाहेर पडतो, तिथे वाकण्याचा ताण सर्वाधिक असतो. दोन ठोकळ्यांवर दोन टोकं टेकवून मध्ये दाबा. तिथे आडवी भेग उघडताना दिसली तर हे काम वरवरचं नाही, त्याबद्दल पुढे सांगते.

आता सुटलेला रंग आणि काचेच्या कापडाचा (फायबरग्लासचा) थर काढा, कुजलेलं लाकूड पटाशीने घट्ट लाकूड लागेपर्यंत कोरा आणि बोर्ड सावलीत, हवेशीर जागी आडवा ठेवा. किती दिवस, हे मी सांगू शकत नाही, पण वजनकाटा सांगतो. रोज एकाच वेळी वजन करा. आकडा उतरायचा थांबला की बोर्ड वाळला. कडक उन्हात ठेवू नका, फळी पिळते आणि पिळलेली फळी कोणी सरळ करून देत नाही.

भरण्यासाठी इपॉक्सीच वापरा, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन भाग कालवले की कडक होणारं मिश्रण. पॉलिएस्टर रेझिन लाकडाला आणि जुन्या इपॉक्सीला नीट धरत नाही. प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवला तर मिश्रण कायम मऊ राहतं. एका वेळी थोडंच कालवा आणि पसरट भांड्यात ओता, खोल भांड्यात ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं, कधी धूरही निघतो. हातमोजे घाला, घासताना मास्क लावा. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही.

आधी पातळ इपॉक्सी लाकडात मुरू द्या, मग सिलिका पावडर घालून घट्ट केलेलं मिश्रण भरा, पटाशीवरून ओघळणार नाही इतकं घट्ट. मागची कड भरताना एका बाजूला पॅकिंग टेप लावलेली सरळ पट्टी क्लॅम्पने आवळा. टेपला इपॉक्सी चिकटत नाही, त्यामुळे तोच साचा होतो. कड मुद्दाम थोडी जास्त भरा, नंतर कापता येते.

आडव्या भेगेसाठी भेगेच्या दोन्ही अंगांनी लांब उतार घासून काढा, खोलीच्या साधारण 12 पट. म्हणजे 3 मिलिमीटर खोल गेलात तर प्रत्येक अंगाला 36 मिलिमीटर. त्यावर काचेचं कापड थरावर थर, धागे बोर्डाच्या लांबीच्या दिशेने, लहान तुकड्यावर मोठा. ब्रशने टोचत रेझिन भरत गेलं की पांढरं कापड पारदर्शक होत जातं. पांढरे ठिपके उरले तर तिथे हवा आहे, अजून टोचा. एक बाजू पूर्ण सुकल्यावरच दुसरी घासायला घ्या, नाहीतर आकार हातातून जातो. भेग आरपार असेल आणि आतला गाभाही तुटला असेल, तर माझं मत नवीन बोर्ड घ्यावा असंच आहे.

सुकलेल्या इपॉक्सीवर कधी कधी मेणचट थर येतो. तो साध्या पाण्याने, खरबरीत स्पंजने धुऊन मगच घासा. 80 नंबरचा कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासायचं, नुसत्या बोटांनी घासलं तर खळगे पडतात. शाबूत भागाच्या आडव्या छेदाच्या आकाराचा पुठ्ठा कापून घ्या आणि दुरुस्त भागाला लावून पाहत राहा. पुढची कड गोलसर हवी, धारदार नको. मागची कड 2 मिलिमीटरच्या आसपास पातळ, पण कोपरे तीक्ष्ण, चौकोनी. ती गोल केली तर वेग पकडल्यावर बोर्ड गुणगुणायला लागतो.

रंग देण्याआधी बोर्ड खाचेत घालून पाहा, कापडाचे थर चढल्यावर तो अडकण्याइतका जाड झालेला असू शकतो. मग दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग द्या, कारण उघडं इपॉक्सी उन्हात खराब होतं. शेवटी 400 नंबरचा कागद पाण्यात भिजवून फिरवा. शर्यतीत उतरणार असाल तर तुमच्या होडीच्या वर्गाचे आकाराचे नियम काम सुरू करण्याआधीच वाचा.

आणि बोर्ड परत बसवण्यापूर्वी खाचेत टॉर्च मारून बघा. आत अडकलेला खडा किंवा खालच्या तोंडाशी निघालेला काचेचा काटा नवीन रंग पहिल्याच फेरीत ओरबाडून काढतो.