टेलिफोनच्या तारेतून पैठणची दिंडी

बाहेरगावाहून रेडिओसाठी थेट आवाज पाठवायचं काम शिकू पाहणारी परभणी-नांदेडकडची मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोडेक कोणता घ्यावा?" कोडेक म्हणजे आवाज आकड्यांत बदलून पाठवणारं यंत्र. मी म्हणतो, आधी लाइन ऐकायला शिका. यंत्र नंतर.

साधा टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज नेतो. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर शंभर-सव्वाशे हर्ट्झवर असतो, म्हणजे तो तारेतून जातच नाही. वरच्या सुरांवरून आपला कान तो भरून काढतो, म्हणून फोनवरची बातमी चालून जाते. पण नाथषष्ठीला पैठणहून दिंडी ऐकवायची असेल तर? पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा घुमारा ३०० च्या खाली राहतो, टाळांची किणकिण ३४०० च्या वर. स्टुडिओत अभंगाचे शब्द पोहोचतात, दिंडी पोहोचत नाही. 'स' आणि 'फ' यांची गल्लतही याच मापामुळे होते.

यावरचा जुना उपाय मला आजही फार आवडतो. सगळा आवाज २५० हर्ट्झने वर सरकवून तारेत सोडायचा आणि स्टुडिओत तेवढाच खाली आणायचा. वरचा थोडा भाग गमवावा लागतो, पण खाली ५० हर्ट्झपर्यंतचा भाग मिळतो आणि निवेदकाच्या आवाजाला अंग येतं. पुढे कोडेक आले. ते आवाज आकड्यांत दाबून बसवतात आणि मॉडेमने, म्हणजे आकड्यांचे सूर करून तारेत सोडणाऱ्या भागाने, साध्या लाइनवरून पाठवतात. या मॉडेमची कमाल सेकंदाला ३३,६०० बिट. चांगल्या लाइनवर १५ किलोहर्ट्झपर्यंतचा, म्हणजे एफएमला पुरेल असा आवाज जातो. आयएसडीएन, म्हणजे डिजिटल टेलिफोन लाइन असेल तर एका चॅनेलवर सेकंदाला ६४ किलोबिट मिळतात आणि आवाज दाबण्याच्या जी.७२२ पद्धतीने ७ किलोहर्ट्झचा आवाज सहज जातो. परभणी आकाशवाणीसारख्या मध्यम लहरींच्या केंद्राला तेवढा भरपूर होतो, कारण ऐकणाऱ्याचा संचच त्याहून कमी देतो. म्हणून प्रक्षेपण कशावर आहे, हे आधी विचारा.

आता लाइन. रिसीव्हर उचला, डायल टोन आल्यावर एक आकडा दाबा. टोन थांबेल आणि तारेची स्वतःची शांतता ऐकू येईल. खरखर असेल तर कुठेतरी जोड सैल आहे किंवा त्यात पाणी गेलंय. पहिल्या पावसानंतर हे हमखास होतं. गुणगुण असेल तर तार विजेच्या वायरीला खेटून आली असणार. त्याच नंबरवरचे बाकीचे फोन काढून ठेवा, कुणी मध्येच उचलला की मॉडेमची जोडणी तुटते. कॉल वेटिंग बंद करून घ्या. संस्थानाच्या कचेरीतल्या डिजिटल इंटरकॉमच्या सॉकेटला कोडेक लावू नका, यंत्र जळू शकतं. गावच्या लाइनमनशी ओळख ठेवा. कोणत्या डीपीतली, म्हणजे टेलिफोनच्या तारा वाटणाऱ्या डब्यातली, तारांची कोणती जोडी चांगली, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

लाइन सेकंदाला ३१,२०० बिटवर जुळली तरी मी वेग मुद्दाम २४,००० वर बांधतो. आवाजाचा दर्जा थोडा कमी चालेल, पण अर्ध्या अभंगात शांतता नको. आणि माइक तोंडाजवळ हवा. कोडेककडे बिट मोजकेच असतात. गर्दीचा गलका माइकमध्ये आला की ते त्यावर खर्ची पडतात आणि बोलणाऱ्याचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. स्टुडिओकडून परतीचा आवाज मागताना त्यात तुमचा स्वतःचा नसावा, म्हणजे मिक्स-मायनस मागा. उशिरा येणारा स्वतःचाच आवाज कानात पडला की भलाभला निवेदक अडखळतो.

फायबरच्या डब्यामागच्या फोनवर मॉडेम भरवशाने टिकत नाही, त्यामुळे आता बहुतेक काम फोर-जी आणि ओपस नावाच्या कोडेक पद्धतीवर होतं. तिथेही हेच डोकं चालवायचं. नेटवर्क लटपटलं की बिटरेट, म्हणजे सेकंदाला जाणारे बिट, उतरवा आणि बफर, म्हणजे ऐकवण्याआधी साठवून ठेवलेला आवाज, वाढवा. दोन कंपन्यांची सिमकार्डं जवळ ठेवा.

पैसे घालवण्याआधी घरी एक करा. भजनाचं चांगलं रेकॉर्डिंग ऑडासिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. ३०० च्या खालचं आणि ३४०० च्या वरचं कापून ऐका. मग खाली ५० पर्यंत उघडा, मग वर ७ किलोहर्ट्झपर्यंत. दर वेळी नेमकं काय परत आलं ते वहीत लिहा. जवळच्या कम्युनिटी रेडिओत काम मागायला जाल तेव्हा ती वही सोबत न्या.