पहिली-दुसरीच्या वर्गाची घडी कशी बसवावी

लहान मुलांच्या वर्गात गोंधळ होतो तो बहुतेक मधल्या वेळात. वह्या काढताना, रांग लावताना, एक विषय संपून दुसरा सुरू होताना. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कौनिन यांनी १९७० मध्ये मांडलं ते हेच: नीट चालणारे आणि न चालणारे वर्ग यांतला फरक शिक्षक कसे रागावतात यात नसतो, गोंधळ होण्याआधी ते काय करतात यात असतो. तेव्हा वाचन-गणितासारखीच शिस्तही शिकवायला घ्या.

१. नियम ठरवा. तीन ते पाच, बस्स. ‘पळू नका’ऐवजी ‘वर्गात चालत जायचं’ असं सांगा. ‘शहाण्यासारखं वागा’ हा नियमच नव्हे. शहाण्यासारखं म्हणजे नेमकं कसं, हे सहा वर्षांच्या मुलाला कुठून कळणार? प्रत्येक नियमाशेजारी एक चित्र लावा, कारण अजून सगळ्यांना वाचता येत नाही.

२. रोजच्या कामांची यादी करा. आत येणं, दप्तर ठेवणं, हजेरी, पेन्सिलला टोक काढणं, पाणी, वह्या जमा करणं, घरी निघणं. पहिल्या दिवशी मात्र तीनच गोष्टी शिकवा: आत कसं यायचं, शौचालयाला जायचं असेल तर कोणती खूण करायची आणि शांत कधी व्हायचं.

३. शांत होण्याची एकच खूण ठेवा. तुम्ही ठेक्यात टाळ्या वाजवायच्या, मुलांनी तशाच वाजवून हात खाली ठेवायचे आणि तुमच्याकडे बघायचं. सगळे थांबल्याशिवाय बोलायला सुरुवात करू नका. गोंगाटावर आवाज चढवून बोललात, की खुणेची किंमत गेली.

४. प्रत्येक काम करून दाखवा. खरी मेहनत इथेच आहे. समजा, वह्या जमा करायच्या आहेत. आधी तुम्ही मागच्या बाकावर बसा आणि वही पुढच्याच्या हातात द्या. मग एका मुलाला करायला सांगा आणि बाकीच्यांना विचारा, ‘त्यानं काय काय केलं?’ मग एक रांग, मग सगळा वर्ग. ढकलाढकली झाली तर न चिडता म्हणा, ‘पुन्हा एकदा करून बघू.’ यात अर्धा तास जाईल, जाऊ द्या. पुढे रोज वाचणाऱ्या वेळेतून तो भरून निघतो.

५. कौतुक नेमकं करा. नुसत्या ‘छान!’मधून मुलाला काही कळत नाही. ‘न सांगता खुर्ची आत सरकवलीस’ म्हटलं, की शेजारचाही हळूच आपली खुर्ची सरकवतो.

६. चुकलं तर आधी जवळ जाऊन उभे राहा. बऱ्याचदा तेवढं पुरतं. नाहीच जमलं तर कानाशी, हळू आवाजात सांगा, सगळ्यांसमोर नाही. शिक्षा म्हणून मधली सुट्टी कापू नका, कारण ज्याला बसवत नाही त्यालाच पळण्याची सर्वांत जास्त गरज असते. एकच मूल रोज त्याच वेळी दंगा करत असेल, तर कारण शोधा: भूक लागली असेल, फळा दिसत नसेल, किंवा दिलेलं काम झेपत नसेल.

७. लांब सुट्टीनंतर सगळं पुन्हा शिकवा, मुलं विसरलेली असतात. आणि दिनक्रमाचा चित्रतक्ता मुलांना दिसेल असा, टेबलाजवळच्या भिंतीवर लावून ठेवा. तुम्ही रजेवर असलात तर बदली शिक्षकांना पुढचं काम मुलंच सांगतील, बरीचशी एकाच वेळी.