शाळेतल्या, तालमीतल्या पोरांवर सायकॉलॉजीचा रिसर्च पेपर छापायचाय? मग हे आधी बघा

दरवर्षी एम.ए. आणि पीएचडीवाल्यांचा तोच प्रश्न, डेटा गोळा झालाय, आता जर्नलवाले एथिक्स कमिटीचा (संशोधन माणसांवर करायला नीतीच्या दृष्टीनं योग्य आहे का ते तपासणारी कमिटी) मंजुरी नंबर मागतायत, कुठून आणू? भावांनो, आता कुठूनच नाही. कमिटी मागच्या तारखेची मंजुरी देत नाही, आणि देणारी भेटलीच तर तिच्यापासून लांब राहा. १३ ते १७ वयाच्या पोरांवरचा पेपर छापायच्या लायकीचा होणार का नाही हे शाळेच्या गेटात पाय टाकायच्या आधीच ठरतं, म्हणून पहिला अर्ज कमिटीकडे. आपल्या कॉलेजात कमिटी नसेल तर विद्यापीठात नाहीतर दुसऱ्या संस्थेत चौकशी करा, पण त्याशिवाय एक फॉर्म वाटू नका.

मग संमती. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सरळ सांगतात, १८ खालच्या मुलासाठी पालकांची संमती लागते आणि वर मुलाची स्वतःची तयारीही लागते, ७ ते १२ वयात तोंडी आणि १२ ते १८ मध्ये सोप्या भाषेत लेखी. हेडमास्तरांची सही म्हणजे शाळेत यायची परवानगी, ती पालकांची संमती होत नाही. तालमीतल्या पोरांवर काम करताय तर वस्तादांचंही तेच, वस्ताद कितीही मानाचे असले तरी पोराचे आईबाप गावाकडं आहेत, त्यांच्यापर्यंत पोचावंच लागतं. ऊसतोड कामगारांच्या मुलांवर काम असेल तर फॉर्म वाचून दाखवायचा, अंगठा घ्यायचा, आणि आपल्या टीमबाहेरचा साक्षीदार बसवायचा. आणि वर्गशिक्षक समोर उभे असताना 'कुणाला भाग घ्यायचा नाही त्यांनी हात वर करा' असं विचारलं तर हात कोण वर करणार हो? सरांना बाहेर चहाला पाठवा. बारावीच्या वर्गात कोणी अभ्यास चालू असतानाच १८ चा झाला तर त्याची संमती आता स्वतःची, नव्यानं घ्यायची.

आता खरी अवघड जागा. पीएचक्यू-९ सारख्या, नैराश्याची लक्षणं मोजणाऱ्या प्रश्नावलीत नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करायच्या विचारांबद्दल असतो. बरेच जण फॉर्म गोळा करतात, गठ्ठा बांधतात आणि महिन्यानं एक्सेलमध्ये भरायला घेतात. तोवर त्या पोराचं काय? तो प्रश्न ठेवायचा असेल तर फॉर्म त्याच दिवशी कोण बघणार, कोणत्या समुपदेशकाकडं पाठवणार, हे अर्जातच लिहा, आणि सगळ्या पोरांच्या हातात टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि चाइल्डलाइन या मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ असलेला कागद द्या. बिननावी फॉर्म असेल तर पोरगं शोधताच येत नाही, मग तो प्रश्न घेणं कितपत बरोबर याचा विचार आधी करा. लैंगिक अत्याचाराची माहिती समजली तर पॉक्सो (मुलांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या) कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, त्यामुळं 'तू सांगितलेलं कुणालाच कळणार नाही' असं लिहून देऊ नका, ते खोटं ठरतं. प्रेमप्रकरणांबद्दल विचारणार असाल तर आणखी सांभाळून, १८ खालच्या मुलांच्या राजीखुशीच्या संबंधांनाही हा कायदा लागतो, म्हणून असे प्रश्न कमिटीशी बोलूनच ठेवा.

फॉर्म झाले की हेडमास्तर प्रेमानं विचारतात, कोण कोण डिप्रेशनमध्ये निघालं तेवढी लिस्ट द्या. द्यायची नाही. तातडीची मदत लागणारं पोरगं वेगळं, त्याची वाट आधीच ठरलेली आहे. बाकी शाळेला एकत्रित आकडे मिळतील हे पहिल्याच पत्रात लिहून ठेवा, म्हणजे नंतर तोंड वाईट होत नाही. आणि ते आकडे पेपरात मांडतानाही भान ठेवा, पीएचक्यू-९ वर १० किंवा त्याच्या वर स्कोअर आला म्हणजे लक्षणं दिसली एवढंच, निदान झालं नाही. 'नैराश्यग्रस्त विद्यार्थी' असं लिहिलंत की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते आणि शाळेचं नाव गावभर होतं.

ओळख लपवणं हा तर कोल्हापुरात वेगळाच विषय आहे. नाव बदललं म्हणजे झालं असं समजू नका. 'शहरातल्या एका जुन्या तालमीतला, गडहिंग्लज तालुक्यातला, आई नसलेला १५ वर्षांचा मल्ल' असं लिहिलं की गंगावेशीपासून खासबागेपर्यंत सगळ्यांना कळतं कोण ते. शाळा, इयत्ता, वडिलांचा धंदा, यातलं दोन-तीन एकत्र आलं की पोरगं सापडलंच. टेबलात एक-दोन मुलांचा गट दिसला तर तो दुसऱ्या गटात मिसळा. मुलाखतीतली वाक्यं जशीच्या तशी देतानाही बघा, चंदगडकडची बोली कोकणीच्या वळणाची, त्या एका वाक्यावरनं मूळ गाव कळतं. आणि मुलाखतीचा मजकूर भाषांतरासाठी एखाद्या एआय चॅटबॉटमध्ये टाकताय? पालकांनी त्याला संमती दिलेली नाही, कमिटीनंही नाही.

नावांचा क्रम पण आधी ठरवा. आयसीएमजेईच्या (वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती) हिशोबानं लेखक तोच, ज्यानं कामात मोठा वाटा उचलला, लिहिण्यात किंवा तपासण्यात हात लावला, शेवटचा मसुदा मंजूर केला आणि चूक निघाली तर उत्तर द्यायला तयार आहे, हे चारही पाहिजेत. प्राचार्यांनी हॉल दिला तर आभारात नाव, लेखकांत नाही. विद्यार्थ्याच्या प्रबंधावरचा पेपर असेल तर पहिलं नाव सहसा विद्यार्थ्याचं असावं असं एपीएही (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) सांगते (गाइडना हे वाक्य मोठ्यानं वाचून दाखवायचं धाडस ज्याचं त्यानं करावं). एकाच डेटाचे तुकडे पाडून चार पेपर करू नका.

जर्नल निवडताना व्हॉट्सअपवरच्या '४८ तासांत पब्लिश' वाल्यांना सरळ ब्लॉक करा. यूजीसीनं केअर यादी (मान्य जर्नलांची यादी) २०२५ मध्ये बंद केल्यापासून हे लोक जास्तच चेकाळलेत. संपादक मंडळातल्या दोघांना मेल टाकून विचारा तुम्ही खरंच या जर्नलवर आहात का, पीअर रिव्ह्यूला (त्याच विषयातल्या जाणकारांकडून पेपर तपासून घ्यायला) किती वेळ लागतो ते बघा, फी आधी सांगतात का ते बघा. कोपचं (प्रकाशनातली नीतिमत्ता बघणारी आंतरराष्ट्रीय संस्था) सदस्यत्व असल्याचा दावा असेल तर कोपच्याच साइटवर तपासा, जर्नलच्या पानावरचा लोगो कुणीही चिकटवतं.

पेपर छापून आल्यावर संमतीपत्रं एका कपाटात आणि नावाऐवजी कोड नंबर टाकलेला डेटा दुसरीकडं, कुलपात. एपीए छापल्यापासून किमान ५ वर्षं डेटा जपायला सांगते. नाव आणि कोड जोडणारी यादी मात्र कमिटीला सांगितलेल्या तारखेला नष्ट करा, आणि केल्याची नोंद फाईलला लावा.