ठाण्याहून कुसुमाग्रजांच्या गावी, बसने, एका दिवसात

लेखकाचं गाव पाहायचं म्हटलं की आपल्याकडे पहिली नावं निघतात मालगुंड आणि पालगड. केशवसुत आणि साने गुरुजी, दोन्ही जागा एकदा तरी पाहाव्यात अशाच आहेत. पण ठाण्याहून तिथे जायचं तर मुक्काम करा. सकाळी निघून रात्री परत यायचा हट्ट धरलात तर तुम्ही गाव नाही, मुंबई-गोवा महामार्ग पाहून येता. एका दिवसात नीट जमतं ते कुसुमाग्रजांचं शिरवाडे आणि नाशिक. मी नौपाड्यात राहते, टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून अशा सहलींना जाते, कधी दुसऱ्यांच्या बसमधून, कधी आमच्या वाचन मंडळाची बस ठरवून. त्यामुळे पुढचं सगळं खिडकीजवळ बसणाऱ्या बाईचं म्हणणं आहे, ट्रॅव्हल्सवाल्याचं नव्हे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. कुसुमाग्रजांचं गाव एका जागी उभं राहून दाखवता येत नाही. जन्म पुण्याचा, 27 फेब्रुवारी 1912. मूळचं नाव गजानन रंगनाथ. काकांकडे दत्तक गेले आणि विष्णु वामन शिरवाडकर झाले. घराण्याचं गाव निफाड तालुक्यातलं शिरवाडे, प्राथमिक शाळा जवळच्याच पिंपळगाव बसवंतला, हायस्कूल आणि कॉलेज नाशिकला. पुढे सिनेमा, वर्तमानपत्रं असं बरंच करून झाल्यावर नाशिकलाच राहिले, 10 मार्च 1999 ला गेले तेही तिथेच. म्हणजे त्यांचं 'गाव' हा आग्रा रोडवरचा चाळीसेक किलोमीटरचा पट्टा आहे. म्हणून तर ही सहल बसने करण्यासारखी आहे, आणि म्हणूनच माहिती सांगणारा माणूस चांगला हवा. त्याने योग्य ठिकाणी तोंड उघडलं नाही, तर पिंपळगाव म्हणजे तुमच्यासाठी नुसता टोलनाका.

सहल निवडताना जाहिरातीतली ठिकाणं मोजू नका. जितकी ठिकाणं जास्त, तितकं प्रत्येक ठिकाणी 'चला, चला, बसा' जास्त. मी पैसे भरण्याआधी आयोजकाला एवढंच विचारते: शिरवाड्यात खाली उतरल्यावर बोलणार कोण, आणि किती वेळ? "सगळं कव्हर होतं ताई" असं उत्तर आलं की मी फोन ठेवते. "गावातल्या अमुक शिक्षकांना सांगून ठेवलंय, तासभर आहे" असं आलं की नाव नोंदवते. एकदा एका सहलीत गावात वीस मिनिटं आणि चिवड्याच्या दुकानात पाऊण तास असा हिशोब झाला होता. चिवड्यावर माझा राग नाही, पण तो ठाण्यातही मिळतो.

आणखी एक खुलासा आधीच करून घ्या. या गावाला शिरवाडे वणी असंही म्हणतात. वणी ऐकलं की बसमधल्या निम्म्या बायका सप्तशृंगीच्या ओटीचं सामान घेऊन येतात. ती वणी वेगळी, दिंडोरी तालुक्यातली, आणि गड त्याच्याही पुढे. एका दिवसात देवी आणि कवी दोन्ही देतो म्हणणाऱ्या आयोजकाकडे जाऊ नका. दोघांनाही न्याय मिळत नाही.

पैशाचं बोलणं व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता, नाश्ता, जेवण यातलं काय धरलंय आणि काय नाही, हे स्पष्ट हवं. भाड्याच्या बसचा हिशोब बहुतेक किलोमीटर आणि तासांवर चालतो. ठाणे ते शिरवाडे एका बाजूने साधारण एकशे ऐंशी किलोमीटर होतात, नाशिक शहरातलं फिरणं वेगळं. आयोजक संध्याकाळी घड्याळ बघून घाई का करतो, याचं उत्तर तिथे आहे. जादा तासांचे पैसे कोण देणार हे आधी ठरलं असेल तर स्मारकात कुणी मागे उभं राहून टाळ्या वाजवत नाही. पंधरावीस जणच असाल तर मोठ्या बसऐवजी टेम्पो ट्रॅव्हलर घ्या. गावातल्या रस्त्याला बरी पडते, आणि माइकची गरज लागत नाही. बसचे माइक म्हणजे एक तर घुं घुं, नाहीतर कानठळ्या.

दिवस कोणता? 27 फेब्रुवारी सोडून कोणताही. मराठी भाषा गौरव दिनाला सगळ्यांना एकदम भाषेचं प्रेम येतं, भाषणं असतात, शाळांच्या मुलांची रांग असते. जानेवारीचा शेवट ते मार्च, द्राक्षांचा हंगाम, सर्वांत उत्तम. फक्त निफाडची थंडी हलक्यात घेऊ नका, तिथला पारा एक आकडी उतरतो. ठाण्यात पहाटे पंखा चालू असतो म्हणून स्वेटर घरी ठेवणारे लोक ओझरपाशी रुमालाने कान बांधून बसतात. रविवार टाळता आला तर टाळा. रविवारी संध्याकाळी शिर्डी, नाशिक, इगतपुरीहून परतणारं सगळं जग पडघ्यापासून माजिवड्यापर्यंत तुमच्या पुढे उभं असतं.

आता बसमधली जागा. ठाण्याहून नाशिककडे बस साधारण ईशान्येला जाते. सकाळचं ऊन उजव्या अंगाला. संध्याकाळी नैर्ऋत्येला परतताना ते पुन्हा उजवीकडेच येतं. म्हणून जाता-येता डावी बाजू धरा, आणि मधल्या रांगा. मागच्या चाकावरची सीट मणक्यांना सगळे खड्डे मोजून दाखवते. गुडघेदुखीवाल्यांनी दारामागची पहिली सीट मागून घ्यावी, लाजू नये.

निघायची वेळ साडेपाचची असेल तरच सहल जमते. सात म्हणजे गेलीच. पिकअप सांगताना 'नितीन कंपनी' एवढंच सांगू नका, पुलाखाली की सर्व्हिस रोडला ते विचारा, कारण तिथे पहाटे दहा बस उभ्या असतात आणि प्रत्येकीवर सहलच लिहिलेलं असतं. मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी राजगिरा लाडू किंवा खाकरा जवळ ठेवावा, कारण खरा नाश्ता घाट संपल्यावरच करावा, आणि नाशिकपर्यंत थांबता आलं तर मिसळच खावी, पापडासकट. घाटाआधी मिसळ खाऊन बसलेल्या माणसाशेजारी मी बसले आहे. अधिक काय सांगू?

रस्ता कोणता, तेही विचारून ठेवा. जुना रस्ता भिवंडी बायपास, पडघा, शहापूर, कसारा घाट, इगतपुरी असा. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून घाट टाळता येतो, जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून बस थेट इगतपुरीला निघते. वेळ वाचतो, टोल वाढतो. माझं मत असं: जाताना समृद्धीने जा, कारण सकाळचा वेळ मोलाचा. पण बायकांनी एक गोष्ट आयोजकाकडून वदवून घ्यावी, समृद्धीला लागण्याआधी स्वच्छतागृहाचा थांबा कुठे आहे. "बघू पुढे" हे उत्तर पुरुषांना चालतं, आपल्याला चालत नाही.

पहाटे सहाला अंताक्षरी सुरू करणाऱ्यांना प्रेमाने गप्प बसवा. माहिती सांगणाऱ्यालाही सांगा, घोटीपर्यंत लोकांना झोपू दे. तिथून पुढे त्याने बोलायला लागावं. घरून एवढंच वाचून या: 'विशाखा'तल्या चार-पाच कविता आणि 'नटसम्राट'चा पहिला अंक. 'विशाखा' 1942 साली वि. स. खांडेकरांनी काढली, तेव्हा कवी तिशीचा. 'नटसम्राट' 1970 चं. ज्ञानपीठ 1987 साठीचं. ही सनावळी तुम्हाला माहीत असली की सांगणाऱ्याला ती सांगत बसावी लागत नाही आणि तो जरा आतलं बोलतो.

नाशिकला मिसळ झाली की शहरात रेंगाळू नका. सरळ पुढे, आडगाव, ओझर, पिंपळगाव करत शिरवाडे. लांबचं आधी, जवळचं नंतर. हा क्रम उलटा केला की संध्याकाळी अंधारात गाव दिसतं. आणि पिंपळगाव आलं की बस जरा हळू घ्यायला लावा, कारण लहानपणीची शाळा इथली. कांदा-टोमॅटोचे ट्रॅक्टर बाजार समितीकडे वळताना दिसतील.

शिरवाड्यात भव्य काही पाहायला मिळेल अशी आशा धरून उतरू नका. 'कवितेचं गाव' म्हणून त्याची आता ओळख होते आहे, पण आहे ते शेतकऱ्यांचं गाव, आणि तेच पाहायचं. ओळखीने कुणाच्या बागेत जायला मिळालं तर चप्पल चिखलाची होईल याची फिकीर न करता जा. हंगामात घडांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळलेले दिसतात. आमच्या मजल्यावरच्या काकूंना वाटलं पाखरांपासून राखण. बागाईतदार हसला. रात्री थंडी पडली की मणी गुलाबी होतात, असा माल निर्यातीला चालत नाही, म्हणून घड झाकायचे. त्याने एका घडाचा कागद सोडून दाखवला. आत हिरवे-पिवळसर मणी, वर पांढरी भुकटीसारखी लव, आणि कागदावर कुठल्यातरी निवडणुकीची बातमी. मणी बोटाने पुसू नका म्हणाला, ती लव गेली की भाव गेला.

कविता वाचायची तर पारावर, मोठ्याने, आणि एक-दोनच. आम्ही 'कणा' वाचत होतो, एक मोटारसायकलवाला थांबला, इंजिन बंद न करता पुढच्या ओळी म्हणाला आणि निघून गेला. गावकऱ्यांचे फोटो विचारूनच काढा. शाळा भरलेली असेल तर मुलांना गोळ्या वाटायला घुसू नका, शिक्षकांना ते आवडत नाही. ग्रंथालयाला पुस्तकं द्यायची असतील तर आधी विचारून, चांगल्या स्थितीतली. घरातली रद्दी तिथे नको.

परत नाशिकला यायला दीड-दोन वाजतात. जेवण उरकताना ड्रायव्हरला तासभर आडवं होऊ द्या. त्याला रात्री तुम्हालाच घेऊन परतायचंय. मग दुपारी काळाराम मंदिर. इथे बहुतेक सहली दर्शन घेऊन निघतात, आणि तिथेच सांगणाऱ्याची परीक्षा होते. 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांनी इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू केला, तो पुढे काही वर्षं चालला. 1932 साली विशीतले शिरवाडकर त्यात उतरले होते. 'विशाखा'तला राग कुठून आला ते त्या दारासमोर उभं राहून ऐकलं की वेगळं कळतं. तुमचा माणूस हे सांगत नसेल तर तुम्ही विचारा. पंचवटीतल्या गल्ल्यांत मोठी बस जात नाही, थोडं चालावं लागतं, काठी घेणाऱ्यांनी तयारी ठेवावी. 2027 च्या सिंहस्थाच्या आसपास मात्र गोदावरीकाठचा हा भाग वगळा, तेव्हा साहित्य सोडा, पाऊल टाकायला जागा नसते.

शेवटी टिळकवाडीतलं राहतं घर आणि स्मारक. वेळ आणि सुट्टीचा दिवस आधी फोन करून विचारायला लावा. इथे किमान एक तास मागा, आणि सांगणाऱ्याला म्हणा, दहा मिनिटं बोल आणि मग आम्हाला सोड. नाशकात त्यांना तात्यासाहेब म्हणतात. तुम्हीही म्हणा, माणसं लगेच मोकळी होऊन बोलायला लागतात. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार 1991 पासून एक वर्षाआड दिला जातो, पहिला विजय तेंडुलकरांना मिळाला. पुढची नावं कोणती ते तिथल्याच कुणाला विचारा, त्यातून गप्पा निघतात.

द्राक्षं घ्यायची तर परतीच्या वाटेवर, चाखून, पुठ्ठ्याच्या खोक्यात. पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवलीत तर कसाऱ्यापर्यंत रस खालच्याच्या डोक्यावर येतो. खोकं पायाशी ठेवा. साडेपाचच्या आत नाशिक सोडा. आणि निघतानाच घरी कळवा की वेळ नक्की नाही, कारण इगतपुरीपर्यंतचा अंदाज बांधता येतो, भिवंडी बायपासचा नाही. परतीचा ड्रॉप माजिवड्याला असेल तर घोडबंदरवाल्यांनी कापूरबावडीला उतरायचं बोलून ठेवावं. नौपाड्याकडच्यांनी मात्र बस तीन हात नाक्यापर्यंत न्यायला लावावी. रात्री दहानंतर माजिवड्याच्या पुलाखालून जवळच्या भाड्याला हो म्हणणारा रिक्षावाला मला अजून भेटलेला नाही.